काळ्या दगडाचं बेट

मॉरिशसच्या विमानतळाबाहेर पडल्यावर आधी समुद्र दिसत नाही, ऊस दिसतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊसच ऊस. या हिरव्या पसाऱ्यात मधूनच काळ्या दगडांचे ढीग उभे असतात. काही नुसती रास ओतल्यासारखे, काही मात्र पायऱ्यापायऱ्यांनी नीट रचलेले आणि माणसाच्या डोक्यावर जाणारे. नव्या माणसाला ते एखाद्या जुन्या देवळाचे अवशेष वाटतात. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत त्यांचा फोटो सहसा नसतो. तिथे पांढरी वाळू, निळं पाणी आणि झुलती खाट असते.

हे ढीग म्हणजे बेटावरची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी पाहिली गेलेली वास्तू आहे, असं माझं मत आहे. या जमिनीत ऊस लावायचा तर आधी दगड वेचावे लागत. ते वेचले आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी आणि नंतर हिंदुस्थानातून आलेल्या करारबद्ध मजुरांनी. अलीकडे ऊसतोडणी यंत्राने होऊ लागली, यंत्राला शेतात दगड चालत नाहीत, म्हणून कितीतरी ढीग हलवले गेले. जे उरलेत ते गाडीच्या काचेतून दिसतील. पहिल्याच दिवशी बघून घ्यावेत, कारण त्यांच्यावरून एक गोष्ट लवकर ध्यानात येते: इथे निसर्गासाठी एक दिवस आणि इतिहासासाठी दुसरा, अशी वाटणी जमत नाही. डोंगर, तळं, बाग, जंगल, काहीही पाहायला गेलं तरी कोणीतरी तिथे राबलेलं, लपलेलं किंवा काहीतरी बाहेरून आणून लावलेलं असतं.

बेट तसं लहान. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांची जमीन एकत्र केली तर तिच्या जेमतेम तिप्पट. पण आकाराच्या मानाने त्याची कुळकथा लांबलचक आहे, आणि तिचं पहिलं पान थेट महाराष्ट्रात उघडतं.

सह्याद्रीची भावकी

हिंदी महासागराच्या तळाखाली, पृथ्वीच्या पोटात, एका जागी अतितप्त खडकाचा झोत वर येतो. भूशास्त्रज्ञ त्याला रियुनियन तप्तबिंदू म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी या झोताच्या माथ्यावर होती. तेव्हा जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचं पठार तयार झालं. रायगडचा कडा, वेरूळची लेणी, आपल्या वाड्यांच्या जोत्यांचे काळे दगड, सगळी त्याच लाव्ह्याची देणगी. पुढे भारताची भूमी उत्तरेकडे सरकत राहिली, झोत मात्र जवळपास जागच्या जागी राहिला. विस्तवावर पापड सरकवत नेला की त्यावर ओळीने डाग उमटतात, तशी समुद्रात ज्वालामुखींची रांग उमटली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि मग मॉरिशस ज्यांत मोडतं ती मास्करीन बेटं. मधल्या काळात समुद्रतळाला दुभंगणारी एक मोठी भेग या झोतावरून गेली, त्यामुळे चागोस भारताच्या बाजूला राहिला आणि मॉरिशस आफ्रिकेच्या. मॉरिशसचं वय साधारण ८० लाख वर्षं. झोत आज आणखी नैर्ऋत्येला, शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही अधूनमधून लाव्हा ओकतो.

त्यामुळे मराठी माणसाला मॉरिशसचे डोंगर पाहून जे ओळखीचं वाटतं तो निव्वळ भावनेचा खेळ नाही. तोच बेसाल्ट, पाण्यावाऱ्याने झिजून तसेच उभे कडे, तशाच अणकुचीदार सुळक्यांच्या ओळी. मूळचा प्रचंड ज्वालामुखी मधोमध खचला. त्याच्या कडेचे तुकडे तेवढे उभे राहिले, आणि तेच आजचे मोका, ब्लॅक रिव्हर व बांबू हे डोंगर. मधलं पठार नंतरच्या उद्रेकांनी भरून निघालं. क्युरपीप गावातलं ‘त्रू ओ सेर्फ’ हे विवर त्याच नंतरच्या काळातलं. त्याच्या काठावर आता सकाळी लोक फिरायला येतात. तळाशी थोडं पाणी, उतारावर दाट झाडी, आणि काठावरून सगळ्या बेटाचा नकाशा. डोंगर कुठला ते ओळखायला शिकायचं असेल तर इथूनच सुरुवात करावी.

ओळखायला सर्वांत सोपा पीटर बोथ. उंची ८२० मीटर, आणि सुळक्याच्या अगदी टोकावर माणसाच्या डोक्यासारखा एक गोल धोंडा. नाव एका डच गव्हर्नर जनरलचं. जावाहून घरी परतताना १६१५ मध्ये त्याचं जहाज या किनाऱ्यावर फुटलं आणि तो बुडाला. गावकऱ्यांची कथा वेगळी आहे. डोंगरावर पऱ्यांचा नाच पाहिलेल्या एका दूधवाल्याने, सांगू नकोस म्हटलेलं असताना ते गावात सांगितलं, आणि तो दगड झाला. शेजारचा ‘ले पूस’, म्हणजे अंगठ्यासारखा वर आलेला डोंगर. मे १८३६ मध्ये बीगल जहाजातून आलेला तरुण चार्ल्स डार्विन यावर चढला होता. पायवाट आजही आहे, आणि घाटमाथ्यावर फिरायची सवय असलेल्या कोणालाही ती जमेल.

डार्विनला पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हिंदुस्थानी माणसं काम करताना दिसली. ती मजूर नव्हती, कैदी होती. १८१५ पासून बंगालहून आणि पुढे मुंबई इलाख्यातूनही काळ्या पाण्याची शिक्षा झालेली माणसं इंग्रजांनी इथे आणली, आणि बेटावरचे रस्ते व पूल त्यांच्याकडून बांधून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरचा डौल डार्विनच्या नजरेत भरला आणि तसं त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केलं. काळ्या पाण्याचं नाव काढलं की आपल्याला अंदमान आठवतं. मॉरिशस त्याच्या कितीतरी आधीचं.

मुळात इथलं काय?

फारच थोडं. १५९८ मध्ये डच आले तेव्हा बेटावर माणसाची वस्ती नव्हती, आणि वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. होती ती काळ्या आबनुसाची जंगलं, महाकाय कासवं आणि उडणं विसरलेला डोडो. डचांनी जावाहून ऊस आणला, हरणं आणली. जहाजांबरोबर माकडं, डुकरं आणि उंदीर उतरले. १६६२ नंतर डोडो पाहिल्याची खात्रीची नोंद नाही. तो माणसांनी खाऊन संपवला असं सांगितलं जातं, पण त्याच्या जमिनीवरच्या घरट्यातली अंडी फस्त करणाऱ्या उपऱ्या प्राण्यांचा दोष त्याहून मोठा असावा. पोर्ट लुईच्या निसर्गसंग्रहालयात एकाच पक्ष्याचा जवळजवळ अखंड सांगाडा आहे. जगात इतरत्र दिसणारे बहुतेक सांगाडे अनेक पक्ष्यांची हाडं जुळवून उभे केलेले असतात. हा सांगाडा ले पूसच्या परिसरात शोधून काढला तो एतियेन तिरियू नावाच्या एका केशकर्तनकाराने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फावल्या वेळात.

डच १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांचा गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने १७३५ नंतर पोर्ट लुई बंदर उभारलं, आणि त्यासाठी पाँडिचेरीहून गवंडी, सुतार आणवले. म्हणजे करारबद्ध मजुरीच्या शंभर वर्षं आधीच तमिळ कारागिरांचे हात या बेटाला लागले होते. पुढे पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने डचांच्या मक्तेदारीतली जायफळ आणि लवंगेची रोपं मोलुक्का बेटांवरून लपूनछपून मिळवली आणि पाम्प्लमूसच्या बागेत लावली. ही बाग आज सर शिवसागर रामगुलाम यांच्या नावाने ओळखली जाते. बागेतल्या लांबलचक हौदात परातीएवढ्या पानांची अॅमेझॉनची कमळं तरंगतात, त्यांच्यापाशी सगळे फोटो काढतात. मला विचाराल तर तालीपोट ताड शोधा. हे झाड कित्येक दशकं नुसतं वाढतं, आयुष्यात एकदाच फुलतं, आणि मग मरतं. फुलोरा असलेलं झाड दिसलं तर नशीब समजा.

१८१० मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं. कायदा, घरातली भाषा, जमीनदार आणि साखर त्यांनी फ्रेंचच राहू दिली. म्हणून आजही गाडी डाव्या हाताने चालते आणि पाट्या बऱ्याचशा फ्रेंच असतात.

सोळा पायऱ्या

पोर्ट लुईला बहुतेक लोक कोदाँचा धक्का आणि तिथली दुकानं पाहायला जातात. जवळच्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन जगप्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत. उजेडाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवरचा दिवा ठरावीक वेळीच काही मिनिटं लावतात, तेवढं बघून घ्यावं. खरं महत्त्वाचं ठिकाण तिथून थोड्या अंतरावर, जुन्या कोठारांच्या बाजूला आहे. त्याचं नाव आप्रवासी घाट.

पहिल्यांदा पाहणाऱ्याची इथे निराशा होण्याचा संभव आहे. सगळी जागा १,६४० चौरस मीटर. काळ्या दगडाच्या काही भिंती, एक दरवाजा, स्वयंपाकघराचे आणि दवाखान्याचे अवशेष, न्हाणीघर. आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. भराव घालून रस्ता झाल्यामुळे समुद्रही आता पायऱ्यांपासून दूर गेला आहे. पण १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसं या बेटावर उतरली. १८४९ मध्ये हा तळ बांधल्यावर आलेले लोक याच पायऱ्या चढून आत गेले.

यामागचं गणित साधं आणि थंड होतं. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक गुलाम मोकळे होणार होते. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे २० लाख पौंड, आणि गुलामांना मिळाली आणखी काही वर्षांची सक्तीची उमेदवारी. ती संपताच त्यांनी ऊसमळ्यांकडे पाठ फिरवली. साखर तर हवी होती. तेव्हा गुलामगिरी संपण्याच्या आधीच, करारावर मजूर आणून पाहू, असा प्रयोग इंग्रज सरकारने मॉरिशसमध्ये करून पाहिला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून आले. प्रयोग मालकांच्या दृष्टीने यशस्वी झाला, म्हणून तोच कित्ता पुढे त्रिनिदाद, गयाना, नाताळ आणि फिजीत गिरवला गेला. युनेस्कोने २००६ मध्ये या लहानशा जागेला जागतिक वारसा ठरवलं ते याच कारणाने. जगभरच्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारबद्ध मजुरांच्या, गोष्टीचा आरंभ इथे आहे.

करार पाच वर्षांचा, पुरुषाला पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापत. मळा सोडून बाहेर फिरायचं तर कागद जवळ हवा, नसेल तर भटक्या म्हणून अटक. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, आणि पुढेपुढे फोटो असलेला दाखला. या नोंदवह्या आणि फोटो आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहिलं, आणि आजोबांचं पहिलं नाव नातवंडांचं आडनाव होऊन बसलं. घाटाशेजारच्या माहिती केंद्रात यातलं बरंच मांडलेलं आहे. पायऱ्या पाहण्याआधी तिथे तासभर घालवावा, नाहीतर पायऱ्या नुसत्या पायऱ्याच दिसतील.

१९०१ च्या अखेरीला दक्षिण आफ्रिकेहून मायदेशी निघालेले गांधीजी जहाज थांबल्यामुळे इथे काही आठवडे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असं त्यांनी लोकांना सांगितलं. देश स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ रोजी. तारीख दांडीयात्रेची, आणि ती मुद्दाम निवडलेली. आज बेटाच्या लोकसंख्येत सुमारे दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत.

डोंगर, जो लपवत होता

नैर्ऋत्येच्या टोकाला समुद्रात घुसलेला ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा खडक आहे. तिन्ही बाजूंना तुटलेले कडे आणि पायथ्याशी आरस्पानी पाण्याचं उथळ सरोवर. समाजमाध्यमांवर ‘पाण्याखालचा धबधबा’ म्हणून जे चित्र फिरतं ते इथलंच. धबधबा वगैरे काही नाही. प्रवाळाच्या उथळ कट्ट्यावरची वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल पाण्याकडे घसरतात, त्याने तसा भास होतो. तो भासही फक्त हेलिकॉप्टरमधून किंवा विमानातून. किनाऱ्यावर उभं राहून शोधत बसू नये.

पळून गेलेले गुलाम या डोंगराच्या माथ्यावर आणि कपारींत आसरा घेत. वर जायची वाट इतकी अरुंद की मोजक्या माणसांनी ती अडवून धरावी. सांगतात ते असं: गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगर चढू लागले. वरच्यांना वाटलं धरायला आले, आणि पुन्हा साखळीत जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. कागदोपत्री याला पुरावा नाही. ही तोंडातोंडी आलेली गोष्ट आहे, आणि गुलामांच्या वंशजांच्या क्रिओल समाजाने ती उराशी धरली आहे. २००८ मध्ये युनेस्कोने ल मॉर्नला वारसा म्हटलं, ते इथे आश्रय घेतलेल्या पळपुट्या गुलामांच्या प्रतिकाराची खूण म्हणून. दर १ फेब्रुवारीला पायथ्याच्या स्मारकापाशी लोक जमतात आणि सेगा हे त्यांचं नाचगाणं रंगतं. बकऱ्याच्या कातड्याचा रावान ढोल, बिया भरलेलं मारावान हे खोकं आणि लोखंडी त्रिकोण, एवढीच मूळ वाद्यं. हॉटेलात जेवणाबरोबर दाखवतात तो सेगा चकचकीत घागऱ्यांचा असतो. मूळ सेगा मळ्यावरच्या दिवसानंतर विस्तवाभोवती व्हायचा.

अर्ध्या उंचीपर्यंतची वाट रुंद आणि सोपी आहे. पुढचा टप्पा खडकाला हात घालून चढायचा, तो पावसात टाळावा. वाटेत बेटाचं राष्ट्रीय फूल, लाल घंटेसारखं त्रोशेशिया, दिसू शकतं. रानात ते फक्त या डोंगरावर उरलं आहे.

इथून शामारेल जवळ. सात रंगांची माती म्हणून जी जागा प्रसिद्ध आहे ती प्रत्यक्षात फार मोठी नाही. कुंपणामागे लाल, तपकिरी, जांभळ्या, पिवळट रंगांच्या उघड्या टेकड्या, बस. फोटोंवरून फार अपेक्षा ठेवू नये. पण ती झाली कशी हे कळलं तर मजा वाढते. उष्ण, दमट हवेत बेसाल्ट कुजतो, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह व अॅल्युमिनियम मागे राहतात. लोहाने लाल-तपकिरी रंग येतो, अॅल्युमिनियमकडे झुकलेला थर निळसर-जांभळा दिसतो. याच क्रियेने कोकणात जांभा तयार झाला. रत्नागिरीत त्याच्या चिऱ्यांनी घरं बांधली, शामारेलला त्यावर तिकीट लावलं. त्याच आवारातला धबधबा मात्र पैसे वसूल करतो.

शामारेलवरून वर चढलं की ब्लॅक रिव्हर घळींचं राष्ट्रीय उद्यान लागतं. १९९४ मध्ये ते जाहीर झालं. बेटावर मूळचं चांगलं जंगल म्हणावं असं दोनेक टक्केच शिल्लक आहे आणि त्यातलं बरंचसं इथे. उंच कड्याच्या गॅलरीतून दऱ्या पाहाव्यात आणि आकाशाकडे नजर ठेवावी. १९७४ मध्ये इथल्या ससाण्याचे फक्त चार पक्षी रानात उरल्याचं माहीत होतं. कार्ल जोन्स या वेल्श जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरट्यातून अंडी उचलून पिल्लं हाताने वाढवली, मादीला दुसऱ्यांदा अंडी घालायला लावली, रानात घरट्यांच्या पेट्या टांगल्या. आज शेकडो ससाणे आहेत. गुलाबी कबुतराचीही गोष्ट तशीच. डोडोच्या बेटावर हे घडावं याला एक न्याय आहे. वाटेत लाल फळांनी लगडलेली झुडपं दिसतील. त्यांना चिनी पेरू म्हणतात. लोक हौसेने तोडून खातात, तुम्हीही खा. देशी झाडांचा श्वास कोंडणारं ते मोठं तण आहे.

परी तलाव ते गंगा तलाव

याच पठारावर, सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, विवरात साठलेलं एक तळं आहे. लोक त्याला परी तलाव म्हणत. १८९७ मध्ये त्रिओले गावच्या झम्मन गिरी गोसाईं नेपाल या पुजाऱ्याला स्वप्न पडलं की या तळ्यात गंगेचं पाणी आहे. पुढच्या वर्षी गावकरी त्याच्याबरोबर चालत आले. तेव्हा इकडे धड रस्ताही नव्हता. १९७२ मध्ये गोमुखाचं पाणी आणून त्यात मिसळलं आणि तळ्याचं नाव गंगा तलाव झालं. महाशिवरात्रीला लाखो लोक इथे येतात, कितीतरी जण बेटाच्या दुसऱ्या टोकाहून पायी, फुलांनी सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन. वाटेवर पाणी, सरबत आणि जेवण फुकट वाटलं जातं, आणि वाटणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात.

तळ्याच्या वाटेवर २००७ पासून ३३ मीटर उंचीचा मंगल महादेव उभा आहे, बडोद्याच्या सुरसागर तलावातल्या मूर्तीच्या धर्तीवर घडवलेला. समोर तितकीच उंच दुर्गा. गाड्या तिथेच थांबतात, लोक मान वर करून फोटो काढतात आणि निघतात. पुढे तळ्यापर्यंत चालत जा. भर दुपारीही धुकं उतरतं आणि पाण्याजवळ जावाची माकडं प्रसादाची वाट पाहत बसलेली असतात.

दक्षिणेला सुयाकजवळ बेटाभोवतीचं प्रवाळाचं कडं तुटलं आहे. इतर ठिकाणी लाटा दूर कड्यावर फुटतात, म्हणून किनारा शांत. ग्री ग्री इथे मात्र महासागर सरळ काळ्या कड्यावर आदळतो. पोहायला नाही, नुसतं उभं राहायला ही बेटावरची सर्वांत चांगली जागा. आत थोड्या अंतरावर रोचेस्टर धबधबा आहे. तिथे लाव्हा थंड होताना आकसून त्याचे उभे खांब पडलेले आहेत.

पूर्वेच्या माहेबूरसमोर इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरांचं बेट आहे. उपरी झाडं आणि उंदीर काढून तिथे मूळचं जंगल परत उभं केलंय. मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज जवळच्या प्रवाळावर रुतलं आणि सुमारे हजार टन तेल या उथळ पाण्यात सांडलं. लोकांनी उसाची वाळकी पानं कापडात शिवून तेल अडवायचे लांबच लांब तरंगते बांध केले. तेल टिपायला केस कापून दिले.

आणि गणपती

मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेली माणसं कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने थोडी. बरीचशी रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली. आज त्यांचे वंशज लोकसंख्येच्या सुमारे दोन टक्के आहेत. नैर्ऋत्येच्या ब्लॅक रिव्हर भागात, वाकोआजवळ, कास्काव्हेलसारख्या गावांत त्यांची वस्ती. घरात ते बहुधा क्रिओल बोलतात, पण सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा विषय घेता येतो. कोकणातला जाखडी नाच तिथे झाकरी म्हणून अजून रिंगण धरतो. रस्त्यावरची ‘ढोल पुरी’ मात्र बिहारी-भोजपुरी लोकांची: हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, गुळाशिवाय, वर घेवड्याची रस्सेदार भाजी आणि मिरचीची चटणी. दोन घ्या, एकाने भागत नाही.

गणेशोत्सवाची पहिली नोंद १८९६ ची, आँरिएता गावातल्या भिवाजी कुटुंबाच्या घरची. आता गणपती साऱ्या देशाचा झाला आहे. फुलांनी सजवलेले रथ खाडीकडे आणि नदीकडे निघतात, तमिळ-तेलुगू शेजारी सामील होतात.

जायचं तर मे ते नोव्हेंबर चांगला, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे. हॉटेल उत्तरेला घेतलं तरी निदान दोन दिवस नैर्ऋत्येला आणि पठारावर काढा. पठारावर पाऊस आणि गारठा कधीही येतो, म्हणून एक स्वेटर बरोबर असू द्या. किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, तेव्हा मोठ्या हॉटेलांच्या पुढ्यातली वाळूही तुमचीच. आणि भाद्रपदात जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते. त्या दिवशी बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात.